अपूर्ण भूतकाळ आणि जळते झुडूप

रविवारचे चिंतन : निर्गम ३:१-१५



धर्मगुरू किंवा सिस्टर घरभेटीला आले की एक लहानसा शब्द त्यांच्या कानी वारंवार पडतो. तो शब्द म्हणजे 'होतो'. "फादर, पूर्वी आम्ही रोज संध्याकाळी सगळे मिळून जपमाळ करीत होतो." "सिस्टर, मी दर रविवारी मिस्साला येत होते." "आम्ही भाऊ-भाऊ एकमेकांशी चांगले बोलत होतो, मग बांधावरून वाद झाला." "मुलाच्या नोकरीसाठी मी खूप प्रार्थना करीत होते." वाक्य एवढ्यावर थांबते. पुढचे कोणी बोलत नाही, पण ते सगळ्यांना कळते : आता करीत नाही. आता येत नाही. आता बोलत नाही.

व्याकरणाच्या पुस्तकात क्रियापदाच्या या रूपाला 'अपूर्ण भूतकाळ' असे नाव आहे. आपली मुले शाळेत इंग्रजीतला पास्ट कंटिन्युअस टेन्स पाठ करतात, तोच हा. त्याचे नाव अपूर्ण आहे, कारण त्यातले काम चालू असते, संपलेले नसते. पण आपल्या बोलण्यात मात्र तो पुष्कळदा संपल्याची खूण होऊन बसतो. 'करीत होतो' म्हटले की त्या गोष्टीवर आपण माती लोटून मोकळे होतो.

आज एक प्रश्न विचारू या. 'करीत होतो' हे वाक्य हिब्रू भाषेत कसे सांगाल? जुन्या कराराचा बहुतेक भाग ज्या भाषेत लिहिला गेला, ती ही भाषा. प्रश्न शाळेतल्या परीक्षेचा वाटेल, पण त्याच्या उत्तरात आपल्या श्रद्धेसाठी शिदोरी आहे.

मराठी माणूस आणि हिब्रू

एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत नेणे हे आपल्या हिंगोली जिल्ह्याला नवे नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यांची पदे पंजाबात जाऊन गुरू ग्रंथसाहेबात विराजमान झाली आहेत. आपल्या गावांत आणि तांड्यांवरही कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या घरात गोरमाटी, बाजारात हिंदी-उर्दू, तर मुलांच्या दप्तरात इंग्रजी आहे. बोलता बोलता आपण दिवसातून दहा वेळा भाषांतर करतो.

हिब्रूशी मराठीचे नातेही जुने आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज शेकडो वर्षे मराठी बोलत आला. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी विसावा पाळणारे म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांना आपल्या धर्मग्रंथाची भाषा शिकता यावी म्हणून स्कॉटलंडहून आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाचे मराठी पुस्तक काढले. पुढे त्याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती सदनात अनाथ आणि दुष्काळग्रस्त मुली-बायांचा सांभाळ करता करता हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या, तोवर हे काम त्यांच्या हातात होते.

यांपैकी कोणीही आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी त्यांचे श्रम आपण कृतज्ञतेने आठवावेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात सांगितले की पवित्र शास्त्राची भाषांतरे शक्यतो मूळ ग्रंथांवरून व्हावीत, आणि संधी मिळेल तेथे ती इतर ख्रिस्ती बांधवांसह करण्यासही परवानगी दिली.

'होता' शिवाय चालणारी भाषा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्रजीत 'वॉज' आणि 'आयएनजी' जोडले की काम झाले. मराठीत 'करीत' आणि 'होतो' जोडले की काम झाले. हिब्रूत असे ठरलेले, वेगळे रूप नाही.

बायबलच्या हिब्रूत मुख्यतः दोन प्रकारची क्रियापदे दिसतात. एक प्रकार काम पुरे झाल्याचे सांगतो. दुसरा काम पुरे न झाल्याचे किंवा पुढे होणार असल्याचे सांगतो. आणि चालू कामासाठी हिब्रू माणूस तिसरीच वाट धरतो. तो क्रियापदाचे विशेषण करतो. आपल्या मराठीतही अशी विशेषणे आहेत : वाहते पाणी, जळता दिवा, धावती गाडी. 'वाहते पाणी' म्हणताना ते काल वाहत होते की आज वाहत आहे, हे त्या शब्दात नसते. तो शब्द फक्त एवढेच सांगतो की पाणी साचलेले नाही, वाहते आहे. काळ कोणता, ते आजूबाजूच्या वाक्यांवरून समजून घ्यायचे.

कधी कधी हिब्रू लेखक या विशेषणाआधी 'हाया' हा शब्द ठेवतो. 'हाया' म्हणजे 'होता'. मग अर्थ 'चारीत होता' असाही होतो आणि 'नेहमी चारीत असे' असाही होतो. मराठी व्याकरणात या दुसऱ्या अर्थासाठी रीती भूतकाळ आहे. हिब्रूत दोन्ही एकाच रूपात मावतात, म्हणून भाषांतर करणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

आजच्या इस्राएलमधील हिब्रूतही ही अडचण आहे. १९४८ नंतर आपले पुष्कळ मराठी बेने इस्राएल बांधव तिकडे गेले. त्यांच्यातल्या एखाद्या आजीला "मी स्वयंपाक करीत होते" हे वाक्य हिब्रूत सांगायचे असेल, तर तिला साधे "मी स्वयंपाक केला" असेच रूप वापरावे लागते आणि 'तेव्हा', 'त्या वेळी' असे शब्द जोडून अर्थ पुरा करावा लागतो. शब्दाला शब्द ठेवून 'होते' चे रूप तिने जोडले, तर ऐकणाऱ्याला बहुधा वाटेल की "मी पूर्वी स्वयंपाक करायचे" असे ती म्हणते आहे. चूल पेटलेली आहे, भाकरी तव्यावर आहे, आणि ऐकणारा समजतो की आजीने स्वयंपाक करणे केव्हाच सोडले!

आपलेही असेच होते, नाही का? प्रार्थना अजून कुठेतरी आत चालू असते, आणि आपल्याच तोंडच्या 'होते' मुळे आपल्याला वाटते की ती संपली.

मेंढरे चारीत असताना

आता निर्गमचा तिसरा अध्याय उघडा. पहिल्याच ओळीत मोशे भेटतो. तो सासऱ्याची मेंढरे चारीत होता. येथे हिब्रूत दोन शब्द आहेत : 'हाया रोए'. 'रोए' म्हणजे चारणारा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मेंढपाळ. संत जेरोम बेथलेहेमला राहून, यहुदी शिक्षकांकडून हिब्रू शिकून बायबल लॅटिनमध्ये आणीत होते, तेव्हा त्यांनी येथे चालू भूतकाळाचे रूप निवडले. बरोबरच आहे. मोशे त्या दिवशी काही विशेष करीत नव्हता. कालचेच काम आज करीत होता.

आपल्याकडे सुगी झाली की धनगर बांधव मेंढरे घेऊन येतात, रानात वाडा बसवतात, पहाटे उठून कळप हलवतात. त्या कामाला सुट्टी नसते आणि शेवटही नसतो. मोशे असाच होता. मिसरमधून पळून आलेला, परक्या मुलखात, दुसऱ्याच्या मेंढरांमागे फिरणारा. त्याने आपल्या आयुष्याचा हिशेब केव्हाच मिटवला असेल : मी राजवाड्यात राहत होतो. मी आपल्या लोकांसाठी काही करू पाहत होतो. होतो!

परमेश्वर त्याला कुठे गाठतो? मंदिरात नाही, उपवासाच्या दिवशी नाही. अर्ध्यावर असलेल्या कामात गाठतो. आणि पुढच्याच ओळीत झुडूप दिसते. त्या झुडपासाठी हिब्रू शब्द आहे 'बोएर', म्हणजे जळते. येथे 'हाया' नाही, 'होते' नाही. नुसते 'जळते'. जळते आहे आणि जळून संपत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, प्रकाश होण्याआधी देवाचा आत्मा पाण्यावर असतो तेव्हाही हेच रूप आहे : तरंगता, पंख हलवता. देवाच्या कामाला 'होते' लावायला हिब्रू लेखकाचा हात जणू धजत नाही.

तीन क्रियापदे

मग परमेश्वर बोलू लागतो. त्याच्या बोलण्यातली तीन क्रियापदे नीट ऐका.

पहिले, सातव्या ओळीत. परमेश्वर म्हणतो की त्याने आपल्या लोकांचे दुःख पाहिले आहे. हे रूप पुरे झालेल्या कामाचे आहे. पाहून झाले आहे. आता आणखी अर्ज द्यायला नको, कागद जोडायला नकोत, खेटे घालायला नकोत.

दुसरे, नवव्या ओळीत. मिसरी लोक करीत असलेला छळ. येथे 'वाहते पाणी' सारखे चालू रूप आहे. छळ थांबलेला नाही. देवाने पाहिले म्हणून दुःख त्याच क्षणी नाहीसे झाले, असे पवित्र शास्त्र खोटे सांगत नाही. सकाळी विटा पाडायला जायचेच होते.

तिसरे, बाराव्या ओळीत. मोशे घाबरून विचारतो, मी कोण जाणारा? परमेश्वर त्याला सांगतो की मी तुझ्याबरोबर असेन. 'असेन' साठी शब्द आहे 'एहेये'. हे अपुऱ्या कामाचे, पुढे चालत राहणारे रूप आहे. दोन ओळींनी मोशे नाव विचारतो, तेव्हा परमेश्वर हाच शब्द आपले नाव म्हणून सांगतो. त्याचे भाषांतर कोणी 'मी आहे' असे करतात, कोणी 'मी असेन' असे करतात. दोन्ही बरोबर आहेत, कारण तो शब्द दोन्हींना पोटात घेतो.

आता गंमत पाहा. 'एहेये' आणि पहिल्या ओळीतला 'हाया' ही एकाच धातूची रूपे आहेत. मोशेच्या 'चारीत होता' मधला जो 'होता', त्याच धातूतून देवाचे नाव आले. मोशेने ज्या शब्दावर आयुष्य थांबवले होते, तोच शब्द परमेश्वराने उचलला आणि पुढे चालता केला. आपल्या 'होतो' ला देवाचे उत्तर आहे 'असेन'.

बोलणे चालू असतानाच

पण बंधू-भगिनींनो, चालू कामात नेहमी चांगलीच बातमी येते असे नाही. ईयोबच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आठवा. एक निरोप्या बैल आणि गाढवे गेल्याचे सांगत असतो, तो बोलत असतानाच दुसरा येतो. तो बोलत असतानाच तिसरा येतो. तो बोलत असतानाच चौथा मुले गेल्याचे सांगतो. 'बोलत असतानाच' हे तेच चालू रूप आहे, आणि ते तीनदा येते. काढणीला आलेल्या सोयाबीनवर परतीचा पाऊस पडतो, वाफवून वाळत घातलेली हळद अवकाळीत भिजते, हातातोंडाशी आलेला घास जातो, तेव्हा आपल्याला ईयोबचे हे व्याकरण समजावून सांगावे लागत नाही. ते आपल्या अंगावरून गेलेले असते.

आता हेच रूप दुसऱ्या ठिकाणी पाहा. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्ना मंदिरात प्रार्थना करीत आहे. वर्षानुवर्षे मूल नाही, सवतीचे टोमणे आहेत. ती मनातल्या मनात बोलते, ओठ हलते आहेत, आवाज बाहेर येत नाही. तिचे बोलणे आणि तिचे ओठ, दोन्हींना चालू रूप आहे. एली याजकाला ती प्यायलेली वाटते. माणसाला तिची प्रार्थना ऐकू आली नाही, दिसली तीही उलटी दिसली. पण देवाने तिची आठवण केली. तिचा मुलगा शमुवेल तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी येतो, तोही याच रूपात : परमेश्वराची सेवा करता करता. आईची चालती प्रार्थना मुलाची चालती सेवा झाली.

यशया संदेष्ट्याने तर पासष्टाव्या अध्यायाच्या चोविसाव्या ओळीत देवाचे वचनच असे दिले आहे की लोक बोलत असतील, त्यांचे बोलणे पुरे व्हायच्या आतच तो ऐकेल. ईयोबकडे निरोप्याचे बोलणे संपायच्या आत संकट पोचले. यशया सांगतो की आपले बोलणे संपायच्या आत देव पोचतो. शब्दांची घडण तीच आहे, येणारा वेगळा आहे.

नव्या करारातही हे दिसते. संत लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य नंतर एकमेकांना सांगतात की प्रभू वाटेत बोलत असताना आपले अंतःकरण आत जळत होते. लूकने ते ग्रीकमध्ये लिहिले. हिब्रूत न्यायचे झाले तर सहज सुचणारा शब्द 'बोएर' हाच आहे, झुडपाचाच. ते दोघे तर सगळे संपले म्हणून गावाकडे निघाले होते. आम्ही आशा धरून होतो, असे ते त्या अनोळखी वाटसरूला सांगत होते. आणि ज्या वेळी ते 'होतो' म्हणत होते, त्याच वेळी आत विस्तव जळता होता.

व्याकरण आणि श्रद्धा

येथे एक काळजी घेऊ या. हिब्रू भाषा पवित्र आणि आपली मराठी कमी, असे कोणी समजू नये. देवाला सगळ्या भाषा कळतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या बोलीत ऐकले, हे प्रेषितांची कृत्ये आपल्याला सांगतात. हिब्रू बोलणारे लोकही थकले, रुसले, सोन्याच्या वासरापुढे नाचले. क्रियापदाच्या रूपाने कोणाचे तारण होत नाही. व्याकरण फक्त खिडकी उघडून देते. खिडकीतून दिसतो तो जिवंत देव, जो मोशेशी अर्ध्या कामात बोलला आणि आपल्याशीही बोलतो.

दर तीन वर्षांनी प्रायश्चितकाळाच्या तिसऱ्या रविवारी जळत्या झुडपाचे हे वाचन मिस्सामध्ये होते, आणि त्याच दिवशी शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला असतो. मळ्याचा मालक तीन वर्षे फळ शोधत आलेला आहे. तो म्हणतो, तोडून टाक. माळी विनवतो, अजून एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. दाखला तेथेच संपतो. झाडाला पुढे फळ आले की नाही, प्रभू येशू सांगत नाही. वाक्य उघडे ठेवतो. कारण ते झाड म्हणजे आपण, आणि माळ्याचे खणणे अजून चालू आहे. संत योहानच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की त्याचा पिता आजवर काम करीत आहे आणि तोही काम करीत आहे. तेथे 'होता' नाही.

या आठवड्यासाठी

म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने घरी एक लहान अभ्यास करावा. आपल्या आयुष्यातले एक 'होतो' चे वाक्य शोधावे. एकच, पण खरे. "आम्ही जपमाळ करीत होतो." "मी पापनिवेदनाला जात होतो." "मी धाकट्याशी बोलत होतो." "मी बाटलीपासून दूर राहत होतो." ते वाक्य देवापुढे ठेवावे आणि त्यातला 'होतो' काढून घ्यायला त्याला सांगावे.

मग लगेच मोठा नवस करू नये. विझत आलेल्या चुलीवर कोणी एकदम ओंडका टाकीत नाही. राख बाजूला सारतात, निखारा शोधतात, काडी ठेवून फुंकर घालतात. पाच दशके जमत नसतील तर एक दशक म्हणा. भावाच्या घरी जाणे जड वाटत असेल तर आधी फोन करा, नुसते "जेवलास का?" एवढे विचारा. मुलगा-सून ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेले असतील, घर रिकामे झाले असेल, तर ठरलेल्या वेळी इकडे आजी-आजोबांनी आणि तिकडे मुलांनी एकच 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावे. तुटलेली कुटुंबप्रार्थना अशीही पुन्हा चालू होते.

आणि ज्यांच्या प्रार्थनेला अजून उत्तर आलेले नाही, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. परमेश्वराचे पाहणे पुरे झाले आहे. दुःख कदाचित उद्याही चालू असेल. पण 'एहेये' हे त्याचे नाव आहे, आणि तो बरोबर असेल. आपले वाक्य आपण मध्येच सोडले असेल, त्याने सोडलेले नाही.

प्रार्थना करू या : हे परमेश्वरा, तू अर्ध्या वाटेवर, अर्ध्या कामात, अर्ध्या वाक्यात आमच्याकडे येतोस. जे आम्ही करीत होतो आणि टाकून दिले, ते पुन्हा आमच्या हाती दे. आमच्या घरातला विस्तव विझू देऊ नकोस. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.